काळा घोडाला, काळ्या घोड्याला की काळा घोड्याला?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. मुंबईतल्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत तिने लिहिलं, 'बसने आल्यास काळा घोडाला उतरावे.' सासऱ्यांनी ते खोडून 'काळ्या घोड्याला' केलं. मुलगा म्हणाला, दोन्ही नको, आम्ही सगळे 'काळा घोड्याला' म्हणतो. यातलं बरोबर कोणतं? आणि जाता जाता तिने हेही विचारलं, की भायखळ्याच्या 'खडा पारशी'तला खडा म्हणजे दगड का?

खड्याचं आधी सांगून टाकतो. दगडाचा इथे काही संबंध नाही. खडा पहारा, खडी फौज, खडी चढण यांतला जो 'खडा', तोच हा. खडा म्हणजे उभा. उंच खांबाच्या टोकावर उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे कर्सेटजी माणेकजी. त्यांचे चिरंजीव माणेकजी कर्सेटजी यांनी वडिलांच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकात हे स्मारक उभारलं. मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत ज्यांनी लवकर पावलं उचलली, त्यांत या माणेकजींचं नाव घ्यावं लागतं. पण रस्त्याने जाणाऱ्याला बापलेकांची नावं कुठून कळणार? त्याला दिसला एक पारशी, आणि तो उभा होता. आज उड्डाणपुलाचे दोन फाटे त्याच्या दोन्ही अंगांनी जातात, तरी नाव तेच आहे. आमची आजी दारात ताटकळलेल्या पोराला म्हणायची, "खडा पारशासारखा काय उभा राहिलास, आत ये की!"

आजीचं हे वाक्य लक्षात ठेवा. 'पारशी'चं तिने 'पारशा' केलं, 'खडा'चं 'खड्या' मात्र केलं नाही. तुमचा मुलगा 'काळा घोड्याला' म्हणतो ते नेमकं याच वळणाचं आहे.

आता घोडा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो घोड्याचा नव्हताच. तो होता इंग्लंडच्या युवराजाचा, जो 1901 मध्ये सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. 1875–76 मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी पुतळा करवून घेतला, बोहम या शिल्पकाराने तो घडवला, आणि 1879 मध्ये तो मुंबईत उभा राहिला. ब्राँझचा असल्यामुळे काळपट दिसे. म्हणजे घोडा काळा होता तसा स्वारही काळाच होता. तरी लोकांनी नाव दिलं ते घोड्याचं. चौथऱ्यावरच्या इंग्रजी अक्षरांशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

हे सहज घडलं असं मला वाटत नाही. पुण्यात नानासाहेब करमरकरांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, 1928 चा. त्या स्मारकाची कोनशिला 1921 मध्ये बसवली ती त्या वेळच्या युवराजाने, म्हणजे आपल्या काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या नातवाने. तिथेही घोडा आहे, ब्राँझ आहे. पण त्या पुतळ्याला 'घोडा' म्हणण्याचं कुणाच्या मनातही येणार नाही. स्वार आपला असला की पुतळा स्वाराचा होतो, परका असला की घोड्याचा. भाषेने कसलाही गाजावाजा न करता स्वाराला खाली उतरवलं होतं. पुतळा प्रत्यक्षात हलला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1965 मध्ये, आणि गेला भायखळ्याच्या राणीच्या बागेत.

तिथे तो मी लहानपणी पाहिला. वडिलांनी बोट दाखवून सांगितलं, "हा बघ काळा घोडा. हा आता काळा घोडाला नसतो, राणीच्या बागेत असतो." मला तेव्हा काहीच कळलं नाही. एकच नाव वाक्यात दोनदा आलं होतं आणि दोन्ही खेपांना त्याचा अर्थ वेगळा होता. आज त्या वाक्याकडे पाहतो तेव्हा त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. पहिला काळा घोडा ही वस्तू, दुसरा काळा घोडा ही जागा. वडिलांनी 'काळ्या घोड्याला नसतो' म्हटलं असतं, तर घोडा घोड्यालाच नाही, असं काहीतरी विचित्र कानावर आलं असतं.

मराठीत वस्तूचं सामान्यरूप होतंच होतं: तलावाला, खांबाला, घोड्याला. जागेच्या नावाचं मात्र तसं नाही. अकारान्त नाव 'ला' लागताना बहुधा जसंच्या तसं राहतं. आपण दादरला जातो, 'दादराला' जात नाही. 'तलावाला कठडा बांधला' म्हणतो, पण 'धोबी तलावला उतरलो'. तिथला तलाव कधीच बुजला, आता ते नुसतं ठिकाण आहे. आकारान्त नावाचं मात्र जागा असली तरी रूप बदलतं: भायखळ्याला, कुलाब्याला, माटुंग्याला. त्या हिशेबाने 'काळाघोडा' हा एकच शब्द धरला तर त्याचं 'काळाघोड्याला' व्हायला हवं. फक्त शेवट बदलेल, पोटातला 'काळा' हलणार नाही. मुलगा हेच म्हणतोय, आणि माझ्या मते व्याकरणात तोच सगळ्यांत पक्का आहे. 'काळा' असा गोठतो याचा दाखला मुंबईतच आहे. चौकी स्त्रीलिंगी, तरी वस्तीचं नाव काळाचौकी, काळीचौकी नव्हे.

तुमचं 'काळा घोडाला' एक पाऊल पुढचं आहे. त्यात नाव पाटीवर रंगवल्यासारखं अख्खंच्या अख्खं गोठलंय. 1999 पासून तिथे काळा घोडा कला महोत्सव भरतो, त्यामुळे हे नाव एकगठ्ठा ऐकायची सवय अनेकांना झाली. त्या काळात तिथे घोडा नव्हताच, मग त्याचा 'घोड्या' होणार कसा? मी याला चूक म्हणणार नाही. माझे वडीलही तसंच म्हणत.

याच्या उलट टोकाचं उदाहरण भीमा कोरेगावचं. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला तो आपल्या विजयाची खूण म्हणून. त्यावर कोरलेल्या नावांत 22 नावं महार सैनिकांची आहेत, शेवटच्या 'नाक'वरून ती ओळखू येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे गेले. आज दर 1 जानेवारीला लाखो लोक येतात. सरकारी कागदांत जयस्तंभ असतो, रणस्तंभही कानावर येतो, पण येणाऱ्यांच्या तोंडी बहुतेक विजयस्तंभ. आता त्यांचं वाक्य ऐका: 'विजयस्तंभाला मानवंदना.' स्तंभाला. उतरायचं असतं ते कोरेगावला, तिथे 'कोरेगावाला' होत नाही. मानवंदना द्यायची ती समोरच्या दगडी स्तंभाला, म्हणून त्याचं रूप पुरतं बदलतं. कंपनीने बांधलेली वस्तू लोकांनी स्वतःची करून घेतली, त्यामुळे ती नुसतं ठिकाण होऊन गोठली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

मुंबईच्या फाउंटनलाही हे दोन 'ला' शेजारी शेजारी नांदतात. फ्लोरा फाउंटन 1864 चं. 21 नोव्हेंबर 1955 रोजी त्या परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली, आणि 1960 मध्ये तो हुतात्मा चौक झाला. आजही बसमधला माणूस 'फाउंटनला उतरतो' म्हणेल, आणि तोच 1 मे रोजी 'हुतात्मा स्मारकाला हार घातला' असं सांगेल. जुनं नाव बसथांब्यापुरतं उरलं. हार ज्याला घालायचा, ती वस्तू नव्या नावाची.

'राणीच्या बागे'बद्दलही कुणी विचारेल म्हणून लिहितो. जुनी माणसं 'राणीचा बाग' म्हणत, आता 'राणीची बाग' रुळलंय. बाग दोन्ही लिंगांत चालतो आणि चालते. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि व्हिक्टोरियाचं नाव तर लोकांनी कधी घेतलंच नव्हतं, नुसतं 'राणी' म्हटलं होतं.

तर पत्रिकेचं काय? बोलताना तिन्ही चालू द्या. छापताना उतरायची जागा सांगायची असेल तर 'काळा घोड्याला' ठेवा. पण 2017 मध्ये त्या ठिकाणी पुन्हा एक काळा घोडा उभा केलाय, या वेळी पाठीवर स्वार नसलेला. तुमचं सभागृह त्या घोड्याच्या अगदी समोर असेल, तर सासऱ्यांचं ऐका आणि 'काळ्या घोड्यासमोर' असं छापा.