‘अ शॉर्ट हाइक’ हा व्हिडिओ गेम सुरू करतोयस? मग थेट शिखराकडे धावू नकोस

मी पहिल्यांदा तेच केलं. क्लेअर नावाची ही पक्ष्याची पोर, तिला फोनची रेंज हवी म्हणून हॉक पीक हे शिखर गाठायचं, एवढीच गोष्ट. तीन सोनेरी पिसं खिशात घेऊन कड्याला भिडलो आणि निम्म्यात घसरून परत खाली. (पडून मरत नाहीस, म्हणून लाज तेवढी वाटते.)

सगळी मेख त्या पिसांत आहे. एक पीस म्हणजे हवेत आणखी एक उडी, किंवा कडा चढताना थोडा जास्त दम. जमिनीवर टेकलास की पिसं पुन्हा ताजी होतात. पण वर बर्फात गारठली की तसं होत नाही, म्हणून सातेक तरी जमव. किनाऱ्यावर भटक, जो भेटेल त्याच्याशी बोल, नाणी उचल. बरीचशी पिसं तिथेच हाती लागतात.

तरंगणं आधी शिक. उडी मारून बटण सोडू नकोस, दाबूनच ठेव. उंच कड्यावरून अख्खं बेट पायाखालून सरकतं, आणि वरून दिसलेली वाट नंतर कामी येते. नकाशा म्हणून वेगळा मिळत नाही.

चित्र फार ठोकळेबाज वाटलं तर सेटिंगमध्ये पिक्सेल लहान कर. मला मात्र ठोकळेच आवडतात.

दोन-तीन तासांत संपेल. काठीने चेंडू टोलवायचा किनाऱ्यावरचा खेळ तेवढा चुकवू नकोस. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.