अमली पदार्थांची तस्करी आणि व्यसन रोखायला माध्यमं खरंच काही करू शकतात का?

हो, पण आत्ता छापतो तशा बातम्यांनी नाही. मी नाशिकला एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक आहे, म्हणून जरा पोटतिडकीनं लिहितोय.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, पकडल्याची बातमी ठरलेल्या साच्यात येते. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, शेजारी वजनकाटा, मागे ओळीनं उभे अधिकारी आणि मथळ्यात किंमत. पुढे आरोपपत्र गेलं का, जामीन कुणाला मिळाला, कच्चा माल कुठून आला, हे विचारायला आम्ही सहसा परत जात नाही. कोवळ्या पोरांना त्या मथळ्यातून एवढंच कळतं, की या धंद्यात पैसा आहे.

पाठ सोडली नाही तर काय होतं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसलं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी ललित पाटील पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला आणि येरवड्याचा कैदी इतके महिने वॉर्डात राहतो कसा, हा प्रश्न पत्रकारांनी लावून धरला. पोलीस निलंबित झाले, चौकशी समिती बसली. त्याच दिवसांत आमच्या नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. तो आमच्या नाकाखाली होता, हे मला अजून बोचतं.

दुसरं उदाहरण जुनं आहे. ऐंशीच्या दशकात डॉ. अनिल अवचटांनी पुण्यातल्या गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर, लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्या लेखांत माणसं होती, त्यांच्या घरात काय चाललंय ते होतं.

आणि आम्ही? 'गर्दुल्ला' लिहून मोकळे होतो. एका रात्री डेस्कवर एका बाईंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुम्ही गर्दुल्ले लिहिलंय ना, तसाच माझा मुलगा आहे. त्याला कुठे नेऊ? पोलीस धरतील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधल्यावर कळलं, की एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइनही आहे. हे आमच्या पानावर कधी आलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या अशा प्रत्येक बातमीखाली हा नंबर आणि त्या कलमाच्या दोन ओळी असतात. ऐनवेळी जाहिरात आली की पहिली कात्री त्या चौकटीला लागते. मग मी वरचा फोटो लहान करायला लावतो.