तीनच दिवस तास, मग फी कशाची?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात व्हेटरिनरी नर्सिंगची, म्हणजे जनावरांच्या नर्सची, पदवी करतेय. तास आठवड्यातून तीनच दिवस, बाकीचे दिवस म्हणे 'स्वयंअध्ययन'. तंबाखूचं रान गहाण टाकून कर्ज काढलंय. खोलीत बसूनच शिकायचं तर एवढी फी कशाला?
– एक वडील, निपाणी

उत्तर : भाऊ, तिथल्या विद्यापीठांचा हिशेबच तसा असतो. एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे 10 तास; वर्षाला 120 क्रेडिट, म्हणजे 1200 तास. वर्गातले तास, वाचन, सराव, लेखन सगळं त्यातच आलं. तेव्हा उरलेले दिवस सुट्टीचे नाहीत. ॲडमिशनच्या वेळी एजंट मात्र हे कुणाला सांगत बसत नाहीत.

प्रश्न आहे तो त्या दिवसांत ती काय करते याचा. नोट्सवर पिवळं पेन फिरवत बसली असेल, तर पैसे पाण्यात गेले म्हणा. फोनवर 'जेवलीस का' झालं की तिला गणित घाला : 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचंय, नळीच्या सेटमधून 20 थेंबांना 1 मिली जातं, तर मिनिटाला थेंब किती? वही न उघडता 'साधारण 42' आलं पाहिजे. मग विचारा, ऑपरेशनच्या टेबलावर मांजर गार का पडतं? भुलीनं अंगाची ऊब राखणं मंदावतं, पोटाचे केस काढलेले, वर स्पिरिट पुसलेलं, त्यात जीव एवढासा. हे तिनं तुम्हाला मराठीत, तुम्हाला पटेल असं सांगावं. जिथं अडखळेल, तोच तिचा उद्याचा अभ्यास.

माझी नोकरी चिकोडी-हुक्केरीकडच्या गुरांच्या दवाखान्यांत गेली. नव्या पोरांना मी पुस्तक बाजूला ठेवायला लावायचो. गाईच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ रोवायची आणि घड्याळ बघायचं. धडधाकट गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला ढकलतं. घरच्या गाईवर जे रोज हात ठेवत, त्यांना ते लवकर उमगायचं. बाकीचे नुसते मान डोलवायचे.

फीपेक्षा एक गोष्ट आजच बघून घ्या. त्या कोर्सला रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सची, म्हणजे तिथं जनावरांच्या डॉक्टर-नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे ना? नसेल तर पदवी हातात पडेल, पण त्या पदवीवर नोंदणीकृत नर्स म्हणून नाव लागायचं नाही. आणि 1966 च्या तिथल्या कायद्यानं डॉक्टरच्या सांगण्यावरून नर्सला ज्या किरकोळ शस्त्रक्रिया करता येतात, त्या नोंदणीवाल्यांनाच. विद्यापीठाकडून हे लेखी घ्यायला सांगा तिला.