सीपीएम दिलं की रॅट झोपतो, एवढंच?

क्लोरफेनिरामिनने (सीपीएम, सर्दी-अॅलर्जीचं जुनं औषध) रॅटच्या वागण्यात काय फरक पडतो आणि एम. फार्मच्या प्रोजेक्टला नुसता अ‍ॅक्टोफोटोमीटर (प्राण्याची हालचाल प्रकाशकिरणांनी मोजणारी पेटी) पुरेल का, असं विचारलंय तुम्ही. नाही पुरणार. मला नाही पुरला.

आमच्या गाईडचं ठाम मत, अँटीहिस्टामिन म्हणजे सेडेशन (गुंगी), काउंट (हालचालींचा आकडा) पडले की लिहून मोकळं व्हायचं. मी सकाळी ११ ला विस्टार जातीचे रॅट काढायचो, आयपी (पोटाच्या पोकळीत) इंजेक्शन, अर्ध्या तासाने १० मिनिटं अ‍ॅक्टोफोटोमीटरमध्ये. सीपीएमवाले कोपऱ्यात गप्प. पण सलाइनवालेही (तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी दिलेले) गप्प! अहो रॅट निशाचर, दिवसा त्याची झोपायचीच वेळ, त्यात औषध वेगळं काय दाखवणार. सरांना सांगितलं तर म्हणे एन (प्राण्यांची संख्या) वाढव. मग अ‍ॅनिमल हाऊसच्या मामांना पटवून रात्री ९ ला लाल दिव्यात तेच केलं, लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही म्हणून. सलाइनवाल्यांनी नुसता धुडगूस घातला, तेव्हा कुठे सीपीएमचा फरक दिसला. सगळ्यात मोठ्या डोसचे दोघे तर झोपायचं सोडून थरथरत उड्या मारायला लागले, मामा म्हणाले यांना काय चढलंय. जुन्या पिढीतली अँटीहिस्टामिन मोठ्या डोसला झोप आणायच्या ऐवजी उलट चेतवतात, फिट्सही येतात, हे पुस्तकात आहे, तरी सरांनी ते दोघे आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे) म्हणून काढायला लावले आणि थिसिसमध्ये दिवसाचेच आकडे गेले. व्हायवात एक्स्टर्नलचा पहिलाच प्रश्न, रीडिंग किती वाजता घेतलं? मी सरांकडे बघितलं, सर पंख्याकडे.

एच-१ (हिस्टामिनचा रिसेप्टर, जो हे औषध अडवतं) वगैरे तुम्हाला माहितीच असेल. सीपीएम सेरोटोनिनचा रीअपटेकही (मेंदूतलं हे रसायन पेशी परत शोषून घेतात ते) अडवतं हे लोक विसरतात, त्याच्याच भावकीतल्या ब्रोमफेनिरामिनवरून स्वीडनमध्ये झिमेलिडिन हे डिप्रेशनचं औषध निघालं होतं. त्यामुळे फक्त झोप मोजू नका. आणि काउंट कमी म्हणजे झोपच असंही नाही, तोल गेलेला असू शकतो, रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल तपासायची चाचणी) लावाच.

हां, मी ते रात्रीचं एथिक्स कमिटीला न विचारता केलं होतं, ती चूकच. तुम्ही प्रोटोकॉलमध्येच वेळ लिहून मंजूर करून घ्या, नाहीतर उजेडाचं चक्र उलटं करून दोन आठवडे सवय होऊ द्या. गाईड नाही म्हणाले तर विचारा, सर, तुम्हाला रात्री २ ला उठवून पळायला लावलं तर काउंट किती येतील?