सगळं व्यवस्थित असूनही आनंद वाटत नाही. रोजच्या कोणत्या साध्या सवयींनी फरक पडतो?

तुम्ही लिहिलंय की पगार बरा आहे, घरूनच काम आहे, तब्येतीची तक्रार नाही, तरी दिवस कोरडे जातात. मी यातली तज्ज्ञ नाही. एकवीस वर्षं डोंबिवलीहून मुंबईला लोकलने नोकरीला जाते आहे. मला जे थोडंफार कळलं, ते हा प्रवास बंद पडला तेव्हा कळलं.

तोवर मी या प्रवासाला शिव्याच घालत होते. बायकांच्या डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला "कुठे?" असं विचारायचं, ती "घाटकोपर" म्हणाली की तिची जागा आपली. नाहीतर तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धं टेकायचं. ही दगदग नसती तर किती सुखात राहिलो असतो, असं घरी आल्यावर रोज म्हणायचे. आणि मार्च २०२० मध्ये लोकल खरंच बंद झाल्या. घरून काम सुरू झालं. दिवसाचे तीन तास वाचले, झोप पुरी व्हायला लागली, दुपारी गरम जेवण. पहिले पंधरा दिवस छान गेले. मे महिना उजाडेपर्यंत मात्र संध्याकाळी नुसती खिडकीशी बसून राहायचे. मुलाने हाक मारली तरी अंगावर आल्यासारखं व्हायचं. कमी कशाची होती? तुमच्यासारखीच, कशाचीच नाही.

जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. आमच्या गाडीतल्या ग्रुपमधल्या एक ताई नर्स आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी गाडीतून फोन केला. "अगं, बसायला जागाच जागा आहे, पण बोलायला कोणी नाही." मी फोन कानाला लावून रडले. माझं काय हरवलं होतं ते त्या एका वाक्यात होतं.

हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की संध्याकाळच्या गाडीत कोणीतरी दोन किलोची पिशवी उघडायची. सातआठ जणींच्या मांडीवर मूठमूठ शेंगा यायच्या. सालं एका पिशवीत, दाणे डब्यात. ठाणं यायच्या आत काम संपलेलं असायचं. त्यात कोणाच्या सासूचं ऑपरेशन, कोणाच्या मुलीची दहावी. यातल्या निम्म्या जणींची आडनावं मला कित्येक वर्षं माहीत नव्हती. पण एक दिवस दांडी झाली की दुसऱ्या दिवशी चौकशी ठरलेली.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. ७२४ पुरुषांच्या आयुष्याच्या नोंदी त्यांनी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ठेवल्या, पुढे त्यांच्या बायकामुलांनाही त्यात घेतलं. ज्यांची माणसांशी नाती मायेची होती ते जास्त आनंदी आणि निरोगी राहिले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे वाचताना मला ती मटारची पिशवीच आठवली. माझा अनुभव एवढाच जोडते, की त्यासाठी दर वेळी जिवलग मैत्रीणच लागते असं नाही. रोज, ठरलेल्या वेळी भेटणारं माणूस लागतं. म्हणून तेव्हा मी त्या ताईंना रोज सकाळी साडेसातला फोन लावायला लागले. दहा मिनिटं, तेवढंच. तो फोन आजही सुट्टीच्या दिवशी चुकत नाही.

दुसरी गोष्ट वागण्याची. आमच्या ग्रुपचा नियम आहे की जिला आधी जागा मिळाली तिने अर्ध्या वाटेत उठायचं आणि उभी असलेलीला बसवायचं. नवीन होते तेव्हा मला हे पटायचं नाही. मी लवकर येऊन जागा धरली, मी का उठू? काल कोण उठलं, आज कोण नाही, याचा हिशोब डोक्यात चालायचा आणि बसूनही आराम मिळायचा नाही. हिशोब सुटला तशी मी निवांत झाले. घरीही तेच. भांडी कोणी घासली, चहा कोणी केला, हे मोजणं सोडल्यावर नवऱ्याशी होणारी निम्मी भांडणं मिटली. मोजणं सोडा म्हणजे सगळं एकटीने ओढा असं नव्हे. दमल्यावर "आज मला बसू दे" असं तोंडाने मागायचं. मागितलं की लोक देतात.

बाकीचं तुम्हाला माहीतच असेल. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, उशाशी नाही. रिक्षाच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालते. मात्र झोप, भूक उडाली असेल आणि दोनेक आठवडे कशातच मन लागत नसेल, तर सवयींवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

तुम्ही घरूनच काम करता, तेव्हा गाडीतला ग्रुप कुठून आणणार? दूध घरपोच येत असेल तर ते बंद करा आणि रोज सकाळी एकाच वेळेला कोपऱ्यावरच्या डेअरीत स्वतः जा. खिशातला फोन बाहेर काढू नका. दुकानदाराशी, रांगेतल्या आजोबांशी दोन शब्द बोला. पहिला आठवडा अवघडल्यासारखं होईल. मग एखाद्या दिवशी तुम्ही जाणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवी हातात देता देता विचारेल, "काल दिसला नाहीत?"