बाबांचा चहा आणि एक अनुस्वार

प्रश्न : माझे सासरे 72 वर्षांचे. सकाळी पूजा, संध्याकाळी रामरक्षा. वर्षभरापासून सोसायटीच्या ग्रुपवर ‘त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका’ असले मेसेज पुढे ढकलतात. परवा वैतागून मी त्यांना ‘मूलतत्त्ववादी’ म्हणाले. तेव्हापासून माझ्या हातचा चहा बंद. माझं चुकलं का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मेसेजला हरकत घेतलीत ते बरोबरच. शब्द मात्र घाईत वापरलात. रामरक्षा म्हणणारा भाविक असतो, एवढंच. 1930 साली काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला बसलेल्यांना रामाचं दर्शनच हवं होतं, आणि दार लावून घेणारेही रामाचेच भक्त म्हणवत होते. फरक भक्तीत नव्हता, दारात होता.

तो शब्दही वाटतो तितका जुना नाही. 1910 ते 1915 या काळात अमेरिकेत काही प्रोटेस्टंट मंडळींनी ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या 12 पुस्तिका काढल्या. पैसा एका तेल उद्योजकाचा, आणि पाद्र्यांना टपालाने फुकट. ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव तिथून पडलं, आपला ‘मूलतत्त्ववादी’ हे त्याचंच भाषांतर. पुढे 1978 साली धर्मगुरू खोमेनींची भाषणं इराणमध्ये कॅसेटवरून घरोघर गेली. म्हणजे बघा, सांगणं जुन्याचं, पण साधन त्या त्या काळातलं अगदी नवं. बाबांच्या हातातला मोबाइल त्याच रांगेतला.

आता माझी कबुली. मी 26 वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. एका रात्री दीड वाजता, पान सोडायच्या घाईत, हातगाडी लावण्यावरून झालेल्या मारामारीची चार ओळींची बातमी आली. मूळ प्रतीत ‘दोन विक्रेत्यांत’ होतं. उपसंपादकाने ‘दोन गटांत’ केलं आणि शीर्षकात ‘तणाव’ घातला. मला खटकलं. पण माझं खातं ऱ्हस्व-दीर्घाचं, म्हणून मी ‘गटांत’वरचा अनुस्वार तेवढा तपासला. सकाळी त्या गल्लीतली निम्मी दुकानं उघडलीच नाहीत. खुलासा चौथ्या दिवशी आला, सातव्या पानावर, ‘हरवले-सापडले’च्या खाली. अनुस्वार बरोबर होता.

ढकललेल्या मेसेजने काय होतं ते आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. तिथे धर्माचा प्रश्नही नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

बाबांना समोर बसवून समजावू नका, सुनेने शिकवलेलं झोंबतं. पुढचा मेसेज आला की एवढंच विचारा, ‘बाबा, हे दुकान कुठलं? मेन रोडवरचं का?’ असल्या मेसेजात दुकानाचं नाव सहसा नसतंच. आणि मे महिन्यात त्यांना गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला घेऊन जा. 1922 पासूनची आहे. न पटणाऱ्या वक्त्यालाही तिथे शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. (डासांचं मात्र बघा.)

माफी मागायची तर त्या एका शब्दापुरती मागा, मेसेजबद्दल नाही. आणि त्या ग्रुपवर ‘त्यांच्यातलं’ एखादं घर असेल, तर बाबांच्या आधी तिथे चहाला जाऊन या.