कोआला फक्त निलगिरीच्या पानांवर जगतो कसा? ती पानं विषारी असतात ना?

तुमचे खरं तर तीन प्रश्न आहेत. विषारी पानांवर तो जगतो कसा, दिवसभर झोपतो तो त्या पानांच्या नशेत का, आणि आपल्याकडे एवढी निलगिरी आहे तर इथे तो जगेल का.

नशेचं आधी निकालात काढतो. निलगिरीने कोआलाला गुंगी येत नाही. दिवसाचे १८-२० तास तो फांदीच्या बेचक्यात निपचित असतो हे खरं, पण त्यातले बरेच तास तो जागाच असतो, नुसता बसून. पानांतून मिळणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी की फिरणं परवडत नाही. तेवढ्याच वजनाच्या इतर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या तुलनेत त्याचा चयापचय साधारण निम्म्या वेगाने चालतो. मिळकत वाढत नसेल तर घरखर्च कमी करायचा, असा हा हिशेब आहे.

आता पानात काय असतं ते पाहू. निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त पाणी. उरलेल्यात भरपूर तंतू आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा, न पचणारा पदार्थ), नायट्रोजन मात्र सुक्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के. म्हणजे प्रथिनं मुळातच कमी, आणि जी आहेत त्यातली काही टॅनिन हे पानातलं तुरट रसायन घट्ट धरून ठेवतं. वर सिनिओलसारखी तेलं (सर्दीला हुंगतो त्या निलगिरी तेलाचा मुख्य घटक हाच) आणि फ्लोरोग्लुसिनॉल गटातली मळमळ आणणारी रसायनं. काही जातींच्या पानांतून सायनाइडही तयार होतं. शेळ्या या झाडाला तोंड लावत नाहीत त्याचं कारण हेच, आणि सामाजिक वनीकरणात ते ठिकठिकाणी लावलं गेलं त्यामागेही हे एक कारण होतं.

कोआलाचा पहिला बचाव म्हणजे नाक. ऑस्ट्रेलियात युकॅलिप्टसच्या, म्हणजे निलगिरीच्या, ७०० हून अधिक जाती आहेत. कोआला त्यातल्या काही डझन खातो आणि एखाद्या ठिकाणी त्याची खरी भिस्त जेमतेम दोन-चार जातींवर असते. व्हिक्टोरियात मॅना गम, क्वीन्सलंडमध्ये फॉरेस्ट रेड गम वगैरे. त्यातही शेजारी उभ्या असलेल्या एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एक त्याला चालतं आणि दुसरं चालत नाही, कारण रसायनांचं प्रमाण झाडागणिक बदलतं. व्हिक्टोरियातल्या फिलिप बेटावरच्या अभ्यासात कोआला मोठ्या आणि फ्लोरोग्लुसिनॉल संयुगं कमी असलेल्या झाडांवर जास्त वेळा जातात असं दिसलं. पान तोडण्याआधी तो हुंगतो, आणि पुष्कळदा सोडून देतो. २०१८ साली त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, प्रसिद्ध झाला. त्यात कडू चव ओळखणाऱ्या ग्राहींची २४ जनुकं सापडली, ऑस्ट्रेलियातल्या इतर कुठल्याही पिशवीवाल्या प्राण्यापेक्षा जास्त. ‘कोआला विष पचवतो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या मते त्याचं निम्मं कौशल्य विष टाळण्यात आहे.

जे पोटात जातंच त्याचा बंदोबस्त यकृत करतं. बाहेरची रसायनं मोडणाऱ्या सायटोक्रोम पी४५० विकरांचा एक उपगट कोआलात बेसुमार वाढलेला आहे, एकट्या सीवायपी२सी गटाची ३१ जनुकं. ही विकरं तेलांचं इतकं ऑक्सिडीकरण करतात की ती पाण्यात विरघळणारी आम्लं होऊन लघवीवाटे निघून जातात. इतर बरेच प्राणी अशा रेणूंना ग्लुकोजपासून बनलेला ग्लुक्युरॉनिक आम्लाचा तुकडा जोडून बाहेर घालवतात. कोआला हे फार कमी करतो, त्यामुळे दर घासाला साखर खर्ची पडत नाही. या यकृताचा त्रास होतो तो पशुवैद्यांना. मेलोक्सिकॅमसारखं नेहमीचं वेदनाशामक त्याच्या शरीरातून इतक्या झपाट्याने निघून जातं की इतर प्राण्यांच्या हिशेबाने दिलेल्या मात्रेचा फारसा उपयोग होत नाही.

आता पचन, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोआलाचं सीकम, म्हणजे आपल्याकडे जिथे अपेंडिक्स लटकतं तो आतड्याचा कप्पा, दोन मीटरपर्यंत लांब असतं. त्यामुळे गाईच्या पोटासारखं तिथे तंतू कुजवून तो जगतो, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा पचलेल्या ऊर्जेपैकी या आंबवण्याचा वाटा सुमारे ९ टक्केच निघाला. बाकीची ऊर्जा पेशींच्या आतल्या रसातून येते: साखर, पिष्ट, मेद. तो रस मोकळा करतात दाढा. पटाशीच्या दातांनी पान तोडायचं आणि धारदार कंगोऱ्यांच्या दाढांनी ते अगदी बारीक कातरायचं. मग मोठं आतडं चाळणीचं काम करतं. जाड चोथा साधारण चार दिवसांत बाहेर पडतो, तर द्रव आणि बारीक कण मागे सीकममध्ये वळवले जाऊन जवळपास नऊ दिवस राहतात. निरुपयोगी माल लवकर निघून गेला की पुढच्या पानांना जागा होते. दिवसाला २०० ते ५०० ग्रॅम ओली पानं खाऊन भागतं ते यामुळे.

मग एवढं मोठं सीकम कशासाठी? तिथले जीवाणू युरियातला नायट्रोजन पुन्हा वापरात आणतात, आणि टॅनिनने धरून ठेवलेली प्रथिनं सोडवतात. असं करणारा लोनेपिनेला कोआलारम हा जीवाणू कोआलाच्याच विष्ठेतून वेगळा काढला गेला.

हे जीवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. जन्मताना ते अर्ध्या ग्रॅमचं असतं आणि सुरुवातीचे सहाएक महिने फक्त दुधावर वाढतं. पानं सुरू करण्याआधी आई त्याला ‘पॅप’ खाऊ घालते. ही नेहमीच्या कडक लेंड्यांहून वेगळी, मऊ, ओलसर विष्ठा सीकममधून येते आणि जीवाणूंनी भरलेली असते. क्लॅमिडिया (जीवाणूंमुळे होणारा एक संसर्ग) झालेल्या कोआलाला प्रतिजैविकं देताना डॉक्टर धास्तावतात ते या जीवाणूंसाठीच. ते मेले तर संसर्ग बरा होऊनही प्राणी खंगून मरू शकतो.

जीवाणूंवरून आहार किती ठरतो, याचं उत्तम उदाहरण व्हिक्टोरियातल्या केप ऑटवेचं. तिथे कोआलांची संख्या इतकी वाढली की त्यांनी मॅना गमची झाडं ओरबाडून निष्पर्ण केली, आणि २०१३ च्या सुमारास मोठ्या संख्येने उपासमार झाली. जवळच मेसमेट नावाची दुसरी जात हिरवीगार उभी होती, पण मॅना गमवर पोसलेले बहुतेक कोआला तिच्याकडे वळले नाहीत. पुढे संशोधकांनी मेसमेट खाणाऱ्या कोआलांच्या विष्ठेतले जीवाणू आम्लात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून मॅना गमवाल्यांना दिले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: काहींच्या आतड्यातला जीवाणूसमूह बदलला, आणि जितका तो बदलला तितकं मेसमेट खाणं वाढलं.

पाण्याचं म्हणाल तर बरंचसं पानांतूनच भागतं, पण ‘कोआला पाणी पीत नाही’ हे चूक आहे. पावसात खोडावरून ओघळणारं पाणी तो चाटतो, आणि कोरड्या भागात ठेवलेल्या पाणवठ्यांवरही येतो. सगळ्या यंत्रणेचा कमकुवत दुवा दाढा. वयाबरोबर त्या झिजून सपाट होतात, पान नीट कातरलं जात नाही, पेशीतला रस आतच राहतो. म्हातारा कोआला जास्त वेळ चावतो, जास्त पानं खातो, काही तर गिळलेलं तोंडात आणून पुन्हा चावतात. तेही पुरेनासं झालं की भरल्या पोटी कुपोषण होतं.

राहिला प्रश्न आपल्याकडच्या निलगिरीचा. भारतात सर्वाधिक लागवड युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निसची, ‘म्हैसूर गम’ म्हणतात ती, आणि क्वीन्सलंडमधला फॉरेस्ट रेड गम म्हणजे हीच जात. तेव्हा जात बरोबर आहे. पण एका जातीच्या सरसकट लागवडीवर कोआला पाळता येत नाही. आज आवडलेलं पान तो उद्या नाकारतो, म्हणून एकाच वेळी चार-पाच जातींच्या फांद्या समोर ठेवाव्या लागतात. सॅन दिएगोचं प्राणिसंग्रहालय त्यासाठी स्वतःची झाडं वाढवतं. फवारणी न झालेल्या झाडांच्या ताज्या फांद्या रोज कापायच्या, पाणी भरलेल्या नळकांड्यांत उभ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून टाकायचं. तो शेंडे आणि निवडक पानंच खातो, त्यामुळे अर्धा किलो पोटात जायला त्याच्या कितीतरी पट पाला तोडावा लागतो.